काकांच्या बंदुकीची चौकशी

ज्या वर्षी आमच्या शेजारच्या काकांनी बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला, त्या वर्षी मी स्वतः ऑफिसात दिवसभर बंदुका विकत होते. खोट्या बंदुका, खोट्या गिऱ्हाइकांना, टेस्टिंगच्या सर्व्हरवर. ऑफिस जपानच्या राजधानीत, तोयोसु भागात. आठवड्यातले दोन दिवस मी आमच्या गावाहून, त्सुकुबाहून, ट्रेनने तिकडे जायची, उरलेले तीन दिवस घरूनच काम. आमचा एक ग्राहक अमेरिकेतला होता, खेळाच्या आणि शिकारीच्या सामानाची दुकानं चालवणारा. त्यांच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक भाग होता गिऱ्हाइकाच्या तपासणीचा. बंदूक घ्यायला आलेल्या माणसाने फॉर्म भरायचा, दुकानदाराने तो पाठवायचा आणि वरून उत्तर यायचं: द्या, देऊ नका, किंवा थांबा. प्रश्न योग्य ठिकाणी जातोय ना आणि उत्तर तिथूनच येतंय ना, हे बघणं माझं काम.

योग्य ठिकाण कुठलं, इथेच घोडं पेंड खायचं. काही राज्यांत दुकानदार थेट केंद्राच्या यंत्रणेला विचारतो. काही राज्यांत राज्याच्या पोलिसांकडे जावं लागतं, मग ते केंद्राच्या नोंदी बघतात आणि स्वतःच्या दप्तरातल्याही बघतात. काही ठिकाणी तर पिस्तुलासाठी राज्याकडे आणि लांब बंदुकीसाठी केंद्राकडे, दुकान तेच, माणूस तोच. शिवाय केंद्राचं उत्तर ‘थांबा’ असेल आणि कामाचे तीन दिवस त्यापुढे काहीच कळलं नाही, तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, टाइप करणाऱ्याचीच चूक झालीय.

मी एक खोटा माणूस तयार केला होता. भांडणाच्या प्रकरणात त्याच्या गावच्या कोर्टाने त्याला बंदूक बाळगायला मनाई केलेली, पण तो कागद राज्याच्याच दप्तरात पडून, वर केंद्राकडे कधी गेलाच नाही. राज्याच्या वाटेने पाठवला की उत्तर यायचं, देऊ नका. केंद्राच्या वाटेने पाठवला की, द्या. मी ताबडतोब लाल रंगाचा डिफेक्ट, म्हणजे गंभीर चुकीची नोंद, टाकला. मीटिंगमध्ये ग्राहकाकडचा माणूस हसला. प्रोग्रॅमला दोष देऊ नका, तो बरोबर चाललाय, तिकडे असंच असतं, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. आमच्या टीम लीडरने मान हलवली आणि डिफेक्ट बंद करायला सांगितलं. मी बंद केला, पण दोन दिवस नवऱ्याचं डोकं खाल्लं. जवळच्या माणसांना जे माहीत आहे ते लांबच्या माणसांपर्यंत पोचतच नाही, मग हा काय तपास झाला, असं माझं म्हणणं. नवरा इथल्या एका संशोधन संस्थेत आहे, स्वभावाने थंड. तो म्हणाला, “तू जेव ना आधी.”

त्यामुळे काकांच्या परवान्याची इकडची पद्धत कळली तेव्हा मी अगदी भारावून गेले. इथे संगणकाने उत्तर देऊन भागत नाही. पोलीस चालत येतात. घरी विचारतात, जुन्या नोकरीच्या ठिकाणी विचारतात आणि शेजाऱ्यांना विचारतात. मला वाटलं, हेच तर मी मीटिंगमध्ये सांगत होते.

काका म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातले. आम्ही त्यांना जपानी रीतीने आडनावापुढे सान लावून हाक मारायचो, पण घरात ते काका आणि काकू. काका कारखान्यातून निवृत्त झालेले, वय सहासष्ट, अंगाने बारीक आणि आवाजाने दणदणीत. आम्ही राहायला आलो त्याच महिन्यात त्यांनी आमची कचऱ्याची पिशवी नाक्यावरून उचलून परत आमच्या दारात आणली होती. पायरीवरच उघडली आणि हे प्लॅस्टिक इथे का, ही बाटली धुतली का नाही, झाकण वेगळं का केलं नाही, असं मला उभं करून झाडलं. काकू मागे उभ्या राहून वाकून वाकून माफी मागत होत्या. नवऱ्याला भयंकर अपमान वाटला. मला मात्र मनापासून बरं वाटलं. जपानमध्ये येऊन माझ्यावर उघडपणे ओरडणारा हा पहिला माणूस. बाकीचे सगळे इतके हळू आणि इतकं गोड बोलायचे की घरी आल्यावर मी तासभर विचार करायची, ह्यांच्या मनात नक्की काय होतं.

तेव्हापासून आमचं जमलं. काकांनी माझ्या सायकलची चेन बसवून दिली, लेकीला चिकट टेपने बीटल किडे पकडायला शिकवलं, पिशवी भरून रताळी आणून दिली. आणि भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येत राहिला. टीव्हीवरच्या बेसबॉलवर ओरडायचे. गळक्या नळावर ओरडायचे. चष्मा सापडला नाही की काकूंवर, सूप खारट झालं की काकूंवर. मी माहेरी पुण्यात ह्याच आवाजात वाढले. आमचे बाबा पेपर उशिरा आला म्हणूनही ओरडायचे. घर शांत असलं तर कुणाला तरी ताप आलाय असं आम्ही धरून चालायचो. त्यामुळे पलीकडे आरडाओरडा सुरू झाला की मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणायची, “झाले सुरू काका.”

काकांना बंदूक हवी होती ती रानडुकरांसाठी. डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्या वडिलांचं शेत होतं. थोडी रताळी, थोडी चेस्टनटची झाडं. दोन वर्षं ओळीने रानडुकरांनी जमीन उकरून सगळं फस्त केलं. गावातल्या शिकाऱ्यांच्या गटात सगळे सत्तरीपुढचे उरले होते, त्यांनी काकांना ये म्हटलं आणि काकांच्या अंगात दहा वर्षांचं पोर शिरलं. सरकारी वर्गाला जाऊन बसले. चष्मा नाकावर घेऊन लेखी परीक्षेचा अभ्यास केला, पास झाले. डॉक्टरकडून डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला आणला. बंदूक ठेवायचं पोलादी कपाट तर आधीच आणून आतल्या खोलीत भिंतीला बोल्टने ठोकून टाकलं. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. आत काही नव्हतं, तरी त्यांनी दोन्ही कुलपं उघडली, लावली, पुन्हा उघडली. काकू चहा ठेवून गेल्या.

मग एका शनिवारी दोघं आमच्या दारात उभे राहिले. काकांच्या हातात मिठाईचा खोका. पोलीस कदाचित तुमच्याकडे चौकशीला येतील, तुम्हाला त्रास होईल, आधीच क्षमा मागतो, असं ते म्हणाले आणि चक्क वाकले. ह्या माणसाला वाकलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला भरून आलं. मी म्हटलं, तुम्ही निश्चिंत राहा, माझ्यावर सोडा.

आता मी काय केलं ते सांगायच्या आधी आमच्याकडे चौकशी कशी होते ते सांगायला हवं. माझं लग्न ठरायच्या वेळी सासरच्यांनी एका लांबच्या आत्याबाईंना आमच्या सोसायटीत पाठवलं होतं. त्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन बसल्या, पोहे खाल्ले आणि मुलगी कशी आहे विचारलं. खालच्या काकूंनी सांगितलं, मुलगी फटकळ आहे, जिभेला हाड नाही, पण मनात काही ठेवत नाही. तेवढ्यावर लग्न ठरलं. सासूबाई अजून म्हणतात, नुसती गुणाची आहे असं सांगितलं असतं तर आम्ही दुसरं स्थळ बघितलं असतं. आमच्यात कुणाचीही नुसती स्तुती केली की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. एक खरा दोष आधी टाकायचा, मग ‘पण’ म्हणायचं, मग जे काय चांगलं सांगाल त्यावर समोरचा विश्वास ठेवतो. ही आमची साक्ष द्यायची रीत, आणि ती कुणी शिकवलेली नसते, अंगातच मुरलेली असते.

पोलीस आले ते मंगळवारी, सकाळी अकराला. एकटेच, साध्या कपड्यांत, चाळिशीचे, हातात छोटी वही. आत या म्हटलं तर नको म्हणाले आणि बुटांसकटच दारातल्या, चपला काढायच्या खोलगट जागेत उभे राहिले. किती वर्षं ओळखता? शेजाऱ्यांशी कधी वाद? दारू पितात का, पिऊन कसे वागतात? अलीकडे वागण्यात काही फरक? मी पटापट उत्तरं देत होते आणि मनातून खूश होते. माझ्या त्या सर्व्हरला असले प्रश्न सात जन्मात सुचले नसते.

मग त्यांनी विचारलं, स्वभावाने कसे आहेत?

मी उत्साहाने म्हणाले, “तापट आहेत. लगेच आवाज चढतो. पण मन अगदी स्वच्छ, पोटात काही ठेवत नाहीत. असा शेजारी मिळायला भाग्य लागतं.”

त्यांनी लिहिलं. पहिल्या वाक्याला लिहिलं. ‘पण’च्या पुढचं मी जोरजोरात सांगत राहिले, सायकलची चेन, रताळी, बीटल, सगळं. पेन मात्र वहीवर न हलता टेकलेलंच राहिलं. आवाज आठवड्यातून साधारण किती वेळा चढतो, त्यांनी विचारलं. मी हसून म्हटलं, रोजच. त्यांनी तेही लिहिलं, आभार मानले, वाकले आणि गेले.

नवरा संध्याकाळी आला तेव्हा मी त्याला सगळं कौतुकाने ऐकवलं. तो जॅकेट काढता काढता थांबला. “तापट म्हणालीस? पोलिसांना? बंदुकीच्या चौकशीत?” इकडची माणसं अशा वेळी काय सांगतात ते त्याला ऑफिसातल्या अनुभवाने माहीत होतं. शांत आहेत, भले आहेत, वेळेवर कचरा टाकतात, बस. दोष सांगायची पद्धतच नाही. म्हणून कुणी एक जरी सांगितला, तरी त्याच्यामागे सांगितले न गेलेले दहा असणार असं धरतात.

त्यानंतरचे पाच-सहा आठवडे माझे फार वाईट गेले. तोयोसुच्या ट्रेनमध्ये बसले की तेच संभाषण डोक्यात नव्याने घोळवायची, ह्यावेळी नीट उत्तरं देत. ऑफिसात खोटी गिऱ्हाइकं पाठवायची आणि प्रत्येक ‘थांबा’ला काका आठवायचे. काकांना पोलिसांनी पुन्हा मुलाखतीला बोलावल्याचं मला लेकीकडून कळलं. काकूंनी तिला सांगितलं असावं. ती शाळेतून येऊन जपानीतच म्हणाली, शेजारचे आजोबा आज पोलीस स्टेशनला गेले होते, आणि खाऊ काढायला निघून गेली. कचऱ्याच्या दिवशी नाक्यावर काका दिसले. मान लववली, सुप्रभात म्हणाले. माझ्या पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. ओरडले असते तर मी त्यांचे पाय धरले असते.

शेवटी मी रजा टाकली आणि सायकल काढून पोलीस स्टेशन गाठलं. तेच गृहस्थ भेटले. मला साक्ष दुरुस्त करायची आहे, असं मी त्यांना म्हटलं. रात्री जागून वाक्यं पाठ केली होती. आमच्या देशात अशा वेळी दोष सांगणं ही शिफारस असते, तापट म्हणजे जिवंत, मोकळा, घरासारखा, असं बरंच काही मी बोलले. ते न थांबवता ऐकत राहिले. मग त्यांनी शांतपणे विचारलं, “तुम्ही सांगितलं ते खोटं होतं का?”

खोटं नव्हतं. मी म्हटलं, नाही, पण आमच्या घरीही असंच.

“ते कशावर ओरडतात?”

मी सांगितलं, बेसबॉलवर, नळावर, चष्म्यावर.

“आणि पत्नीवर?”

हो म्हणावं तर काकांचं काम संपलं आणि नाही म्हणावं तर साफ खोटं. इतका लांबचा फेरा मारून मी ह्याच प्रश्नावर येऊन पडेन असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, पत्नीवरही, पण नवरा-बायकोत चालायचंच. त्यांनी वही काढली नाही. नुसती मान हलवली आणि मला दारापर्यंत सोडायला आले. आगीत तेल ओतून आल्यासारखी मी सायकल हाकत घरी आले. स्वतःच्या जिभेचा इतका राग मला कधी आला नव्हता.

पंधरा दिवसांनी काकांनी अर्ज मागे घेतला. नाकारला जाण्यापेक्षा आपणच मागे घेतलेला बरा, असं त्यांना कुणीतरी सुचवलं म्हणे. एका दुपारी छोटा ट्रक आला आणि दोन माणसांनी ते पोलादी कपाट उचलून नेलं. मी वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये होते. कॅमेरा बंद केला आणि पडद्याआडून बघत राहिले. काका रस्त्यावर उभे होते. ट्रक वळेपर्यंत उभे राहिले, मग हातातलं फडकं झटकून आत गेले. मला रडू आलं. वडिलांच्या शेतासाठी त्यांनी सहासष्टाव्या वर्षी परीक्षा दिली होती आणि मी गमतीगमतीत त्यांचं वाटोळं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला जायचं ठरवलं. बेसनाचे लाडू वळले. सकाळी काकांची गाडी शेताकडे गेलेली दिसली, ते परत आल्यावर जाऊ म्हणून मी थांबले, तेवढ्यात आमच्याच दाराची बेल वाजली. काकू होत्या. एकट्या. त्या एकट्या आमच्याकडे आल्याचं मला आठवत नव्हतं. आत या म्हटलं तर पटकन आल्या. बसल्या मात्र नाहीत.

मी लगेच सुरुवात केली. सगळी चूक माझी, आमच्याकडे बोलायची पद्धत अशी, मी नंतर पोलीस स्टेशनलाही जाऊन आले. काकूंनी हात किंचित वर करून मला थांबवलं. त्यांना ते माहीत होतं. काका बोलून दाखवत होते रोज.

“मलाही विचारलं होतं पोलिसांनी,” त्या म्हणाल्या. “यजमान शांत आहेत का म्हणून. मी म्हटलं, फार शांत आहेत. ते शेजारच्या खोलीतच बसले होते.”

मला अजूनही नीट कळलं नव्हतं.

“ते कपाट आल्यापासून मला झोप नव्हती,” त्या म्हणाल्या. “मला बोलता आलं नाही. तुम्ही बोललात. त्यासाठी आले.”

आणि त्या वाकल्या. माझ्यापुढे, इतक्या खोल आणि इतका वेळ की मला काय करावं ते सुचेना. नंतर घड्याळ बघून त्या झटकन चपला घालून निघून गेल्या. बाहेर गाडी आल्याचा आवाज आला. भिंतीपलीकडचं दार उघडलं, लागलं. थोड्या वेळाने काकांचा आवाज चढला. बहुतेक जेवण तयार नव्हतं.

मी तशीच उभी होते. तो आवाज मी चार वर्षं ऐकला होता, दिवसातून तीनतीनदा. त्यात दुसराही एक आवाज असायला हवा होता हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. पुण्यात बाबा ओरडले की आई दुप्पट ओरडायची, मी तिसरी. इथे भिंतीपलीकडून काकूंचा आवाज मी एकदाही ऐकलेला नव्हता.

नवऱ्याला सांगितलं तर त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, “म्हणजे तुझं चुकलं नाही.” त्याला वाटलं मला हलकं वाटेल. मी त्याच्यावर चिडले. काकूंचे आभार मी कुठल्या तोंडाने घ्यायचे? मी त्यांना वाचवायला बोललेच नव्हते. मी काकांची शिफारस करत होते, जीव तोडून, त्यांना बंदूक मिळावी म्हणून.